पहिला घोट कुठे मिळतो?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि त्याआधी मित्रांबरोबर पबमध्ये बसून आला होता. पुढचे कित्येक दिवस महाराष्ट्र पेटला होता. तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर मिळालेला जामीन, रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप, पबवर चाललेले हातोडे, मुलाला सज्ञान धरून खटला चालवावा की नाही, या सगळ्यावर रान उठलं. त्यातला संताप खरा होता आणि रास्तही होता. पण सतरा वर्षांच्या मुलांना आनंद साजरा करायचा म्हणजे बसायचंच, हे कुठे आणि कुणाकडून शिकायला मिळतं, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी धसास लावला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याजवळच्या कुरकुंभच्या कारखान्यात एमडी या अमली पदार्थाचा प्रचंड साठा सापडला, तेव्हाही असंच झालं होतं. दर वेळी वाद दोन टोकांना जाऊन बसतो. एक बाजू म्हणते, धाडी घाला, बंदी आणा, पेडलरला फासावर चढवा. दुसरी म्हणते, बंदीने आजवर काही साधलेलं नाही, ज्याची पोरं त्याने सांभाळावीत. पहिली सगळा भार पोलिसांवर टाकते, दुसरी आईबापांवर. या दोघांच्या मधल्या जागेत, म्हणजे शाळा, शिकवणी, टपरी, मंडळ, मैदान, शेजार आणि दवाखान्यात, मुलाचा अख्खा दिवस जातो. या जागेची जबाबदारी मात्र कुणाच्याच खात्यात येत नाही.

माझं म्हणणं असं आहे. किशोरवयातली नशा रोखायची असेल तर ते काम एकट्या पोलिसांचं नाही, एकट्या पालकांचं नाही आणि वर्षातून एकदा शपथ देणाऱ्या शाळेचं तर नाहीच. प्रत्येक गावात आणि शहरातल्या प्रत्येक प्रभागात या सगळ्यांची एक कायमची बांधलेली आघाडी हवी. तिच्याकडे पैसा हवा, दर वर्षी मोजलेली आकडेवारी हवी आणि तिला जाब विचारता आला पाहिजे. हे स्वप्नरंजन नाही. जगात हे झालेलं आहे आणि आपल्या राज्यातही एका जिल्ह्यात त्याची धडपड चालू आहे.

आधी पहिला घोट, पहिला कश कुठे मिळतो ते पाहू. महाराष्ट्रात दारू पिण्याचं कायदेशीर वय २५ आहे, बिअर आणि वाइनसाठी २१. इतका कडक नियम देशात फार थोड्या राज्यांत असेल. तरी अकरावीतल्या मुलाला बाटली मिळवायला अवघड जात नाही, कारण ती बहुतेक वेळा त्याला विकत घ्यावीच लागत नाही. ती घरातल्या कपाटात असते, हळदीच्या रात्री मांडवामागे असते, मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवर असते. विदर्भात पानठेल्यासमोर दहा मिनिटं उभं राहिलं तरी पुष्कळ कळतं. ठेलेवाला प्लास्टिकच्या पन्नीत सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना टाकून तळहाताने घोटत असतो, पन्नीला रबर लावतो आणि पुडी समोरच्या हातात देतो. तो हात पुष्कळदा नऊ-दहा वर्षांच्या पोराचा असतो. बापाने पैसे देऊन पाठवलेलं असतं, ‘जा रे, खर्रा घेऊन ये.’ १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण इथे गुन्हा करतोय तो ठेलेवाला, करवून घेतोय तो बाप, आणि बघतोय तो अख्खा चौक, ज्याला त्यात काही वावगं दिसत नाही. हे पोर तीन-चार वर्षांनी स्वतःसाठी पुडी मागेल तेव्हा त्याला बिघडवणारा कोण म्हणून कुठला पेडलर शोधायचा?

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत एक गोष्ट निघाली, तिच्यावर व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही. हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे: १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के. एवढ्या एकाच प्रकारात मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत, आणि देशातल्या सुमारे ४ लाख ६० हजार मुलांना या व्यसनासाठी मदतीची गरज असल्याचा त्या पाहणीचा अंदाज आहे. व्हाइटनर, थिनर आणि पंक्चरचं सोल्यूशन कुठल्या तस्कराच्या टोळीतून येत नाही. ते स्टेशनरीच्या आणि हार्डवेअरच्या दुकानातून येतं. त्यावर अमली पदार्थविरोधी पथक काय करणार? तिथे दुकानदारच कामाला येईल. तेच पोर रोज एक ट्यूब का नेतंय, हे त्याला दिसतं. ते कुणाला सांगायचं, हे त्याला माहीत असायला हवं, आणि सांगितल्यावर पोराला मार न बसता मदत मिळेल याची खात्रीही हवी.

आपल्याकडे प्रतिबंध म्हणजे भाषण असा समज पक्का बसलाय. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो. शाळेत पाहुणे येतात, सडलेल्या फुप्फुसाची चित्रं दाखवली जातात, मुलं हात पुढे करून शपथ घेतात, फोटो निघतात. हे करणाऱ्या शिक्षकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण एवढ्याने मुलं नशेपासून लांब राहतात का, याचं उत्तर अमेरिकेने फार मोठी किंमत मोजून मिळवलेलं आहे. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस वर्गात यायचा, नशेचे दुष्परिणाम सांगायचा, नाही म्हणायला शिकवायचा. बघता बघता तो देशभरातल्या शाळांमध्ये पोचला. नंतर संशोधकांनी हे धडे घेतलेली आणि न घेतलेली मुलं काही वर्षांनी ताडून पाहिली, तेव्हा नशा करण्याच्या प्रमाणात नोंद घ्यावी असा फरक सापडला नाही. २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालानेही त्या मूळ कार्यक्रमाला निष्प्रभ ठरवलं. मुलांना माहिती कमी पडते म्हणून ती नशा करतात असं नाही. दारू वाईट हे पाचवीतलं पोरही सांगतं. संध्याकाळी सहा वाजता त्याला जायला दुसरी जागा नसते, आणि ज्या जागा आहेत तिथली मोठी माणसं पीत असतात.

याच काळात आइसलँडने दुसरा रस्ता धरला. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगत होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारी २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. केलं काय? दर वर्षी शाळांमधून मुलांची निनावी पाहणी, आणि तिचा निकाल त्या-त्या शाळेला आणि वस्तीला लगेच परत. पालकांच्या संघटना बळकट केल्या, आपल्या वर्गातल्या मुलांच्या घरी दारूची पार्टी होऊ द्यायची नाही असे पालकांनी आपसांत करार केले, रात्री वस्तीत गटागटाने फेऱ्या मारल्या. १३ ते १६ वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर एकट्याने बाहेर राहायचं नाही हा नियम कसोशीने पाळला. आणि या सगळ्याच्या बरोबरीने खेळ, संगीत, नाच यांच्यासाठी सरकारी पैसा ओतला. राजधानीत तर प्रत्येक मुलामागे पालकांना त्यासाठी वार्षिक रक्कम मिळू लागली, म्हणजे गरिबाच्या मुलालाही क्लब परवडला. यात एकही गोष्ट जगावेगळी नाही. पण त्या सगळ्या एकाच वेळी, एकाच वस्तीत आणि वीस वर्षं न सोडता झाल्या.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की आइसलँड म्हणजे चार लाखांच्या आतबाहेर वस्तीचा, श्रीमंत, एकजिनसी देश. त्याचं उदाहरण आपल्याला काय कामाचं? आक्षेपात तथ्य आहे. त्याच वर्षांत युरोपात इतरत्रही किशोरांचं पिणं कमी झालं, तेव्हा सगळं श्रेय या कार्यक्रमाला देता येणार नाही हेही मान्य. पण इतकी मोठी घसरण फारच थोड्या ठिकाणी दिसली. आणि देश लहान म्हणून उदाहरण बाद करायचं, तर आपला एकेक तालुका तेवढाच आहे. तिथलं रोजचं कामही मुख्यतः शाळा आणि वस्तीच्या पातळीवर झालं. एकजिनसीपणाच्या मुद्द्याचं उत्तर मिळतं ते अमेरिकेत. तिथल्या सात राज्यांतली २४ गावं निवडून वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. निम्म्या गावांत शाळा, पोलीस, पालक, आरोग्य खातं यांची आघाडी बांधली, निम्म्या गावांत नाही. आठवीपर्यंत पोचल्यावर आघाडीच्या गावांतल्या मुलांमध्ये दारूला नव्याने हात लावण्याची शक्यता जवळपास एक तृतीयांशाने कमी निघाली. सिगारेटचंही तेच.

पण मला जास्त बोलायचं आहे ते आपल्याच दोन जिल्ह्यांबद्दल. चंद्रपूर आणि गडचिरोली १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता. जंगल तेच, मोहाची दारू तीच, गरिबी तीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेसह अनेकांनी उभ्या केलेल्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी आली. चंद्रपुरात अ‍ॅड. पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली हजारो बाया चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेल्या, आणि १ एप्रिल २०१५ पासून तिथेही बंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये सरकारने चंद्रपूरची बंदी उठवली. कारण दिलं ते गंभीर होतं: अवैध दारू वाढली, गुन्हेगारी वाढली आणि या धंद्यात बाया व मुलं ओढली गेली. बंदीविरोधकांचा हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि तो मी झटकणार नाही. ज्या पोरांना वाचवायला बंदी आणली, त्यांच्याच दप्तरातून बाटल्या जात असतील तर तो कायदा कुणाच्या बाजूने उभा आहे?

मग गडचिरोलीत काय वेगळं झालं? तिथेही अवैध दारू आहे. खर्रा तर घरोघरी आहे. जिल्हा व्यसनमुक्त झाला असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. पण बंदीच्या तेवीस वर्षांनंतर, २०१६ मध्ये, शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ सुरू केलं, ते नुसत्या कायद्याने भागत नाही हे कळल्यामुळेच. गावोगावी संघटना उभ्या राहिल्या, त्यात बाया पुढे. गावच ठरवतं की इथे दारू गाळायची नाही, विकायची नाही. विकणाऱ्याला आधी समज, मग दंड, मग पोलीस. जंगलात लपवलेले मोहसडव्याचे ड्रम बाया स्वतः जाऊन सांडतात. तालुक्याच्या ठिकाणी उपचाराची क्लिनिकं चालतात, म्हणजे पिणाऱ्याला गावाबाहेर हाकलायचं नाही, दवाखान्यात आणायचं. निवडणुकीच्या तोंडावर उमेदवारांकडून दारू वाटणार नाही असं लिहून घेतलं जातं, आणि हे मला फार मोलाचं वाटतं, कारण गावातल्या कितीतरी पोरांचा पहिला घोट प्रचाराच्या फुकट बाटलीतला असतो. चंद्रपूरची बंदी उठल्यावर गडचिरोलीचीही उठेल अशी हवा होती. शेकडो गावांनी ती टिकवायचे ठराव केले. कायदा दोन्हीकडे तोच होता. चंद्रपुरात बंदी लागू झाल्यावर ती राबवायचं काम पोलीस आणि उत्पादन शुल्क खात्यावर सोडून दिलं गेलं. आंदोलन करणाऱ्या बायांच्या हातात गावपातळीवरची भक्कम यंत्रणा आली नाही. चंद्रपूरच्या अपयशातून बंदी फसते हे सिद्ध होतं की नाही यावर लोक भांडत बसलेत. माझ्या मते त्यातून सिद्ध होतं ते एवढंच की लोकांचं आंदोलन सरकारने कायद्यापुरतं वापरलं आणि मग घरी पाठवलं.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. वस्तीच्या हातात असा अधिकार दिला की तिथे संस्कृतिरक्षक तयार होतात. आज बाटली शोधतील, उद्या कोण कुणाबरोबर बसलंय ते बघतील, आणि पहिली गदा मुलींवर येईल. दलित वस्तीतलं, झोपडपट्टीतलं पोर पकडून चोपलं जाईल आणि बंगल्यातल्याला समज देऊन सोडतील. हे होतं, आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून माझी अट स्पष्ट आहे. या आघाडीने नजर ठेवायची ती मोठ्यांवर, मुलांवर नाही. अल्पवयीन मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पोराला माल पोचवायला लावणाऱ्यासाठी कलम ७८ आहे. ही कलमं पब, बार, वाइन शॉप, फार्महाऊस आणि लग्नाच्या हॉलच्या मालकांपुढे ठेवा. मुलासाठी मात्र दार उपचाराचंच असलं पाहिजे. सेवन केलेल्या किंवा अल्प प्रमाणात पदार्थ सापडलेल्या व्यसनी माणसाने आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले तर खटल्यातून सुटकेची तरतूद अमली पदार्थ कायद्यातच, कलम ६४ अ मध्ये आहे. किती पालकांना हे माहीत आहे? १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन किती शाळांच्या फलकावर आहे? पोलिसांत नाव जाईल, बोनाफाईडवर शेरा येईल, या धास्तीने आईबाप दोन-दोन वर्षं झाकून ठेवतात. तोवर पोर हाताबाहेर गेलेलं असतं.

तिसरा आक्षेप सरकारच्या दुटप्पीपणाचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटींचा जादा महसूल मिळेल असं सांगितलं. ज्याच्या तिजोरीला बाटलीचा आधार लागतो, त्याने वस्तीला व्यसनमुक्तीचं काम सांगावं का? हा पेच जुना आहे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये महात्मा फुल्यांनी शहरातल्या वाढत्या दारू दुकानांना लेखी विरोध केला होता. एका हाताने लोकांच्या आरोग्यावर खर्च करायचा आणि दुसऱ्या हाताने गुत्त्यांना वाव द्यायचा, ही विसंगती त्यांना बोचत होती. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दारूच्या दुकानांपुढे पहारे बसवले, तेव्हा इंग्रज सरकारने ते पहारेच बंद पाडले, कारण अबकारीचं उत्पन्न बुडत होतं. फुले आणि टिळक यांचं ज्या थोड्या गोष्टींवर एकमत व्हावं त्यातली ही एक. म्हणून हात जोडून बसायचं का? उलट त्या महसुलातला ठरावीक हिस्सा प्रभाग आणि ग्रामपंचायत पातळीवरच्या या कामासाठी कायद्याने बांधून घ्यायला हवा. १४ हजार कोटींतला एक टक्का म्हटलं तरी वर्षाला १४० कोटी होतात. त्यातून मैदानांवर दिवे लागतील, संध्याकाळचे प्रशिक्षक नेमता येतील, प्रत्येक तालुक्यात मुलांसाठी समुपदेशक बसवता येईल.

कागदावर यातलं बरंच काही आहेच, हे सांगायला हवं. १५ ऑगस्ट २०२० पासून नशामुक्त भारत अभियान आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या आहेत, शाळांत मुलांचे ‘प्रहारी क्लब’ काढायच्या सूचना आहेत. पण जिल्हा समितीच्या बैठकीत टपरीवाला नसतो, शिकवणीचा सर नसतो, मंडळाचा अध्यक्ष नसतो. मंडळाचा अध्यक्ष नसणं ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी चूक. आठवी ते बारावीतली पोरं ज्याचं ऐकतात असा वस्तीतला एकच माणूस बहुधा तो असतो. ढोल पथक, दहीहंडीचा सराव, क्रिकेटचे सामने, तालीम, हे महाराष्ट्राचं तयार जाळं आहे. आइसलँडला जे पैसे मोजून उभं करावं लागलं ते आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे. आज त्याच जाळ्यातून बाटली पोरांपर्यंत पोचते. मिरवणुकीच्या आदल्या रात्री कार्यकर्त्यांना ‘सोय’ करून दिली जाते आणि सोळा वर्षांचा पोरगा त्या रांगेत शेवटी उभा असतो. ज्या मंडळांनी ही सोय बंद केली, तिथे पोरांनी ढोल सोडला नाही. वर्गणी देणाऱ्या दुकानदारांनी आणि सोसायट्यांनी एवढी एक अट घातली तरी पुष्कळ फरक पडेल, आणि त्यासाठी कुठल्या शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही.

या कामाला सर्वांत जास्त विरोध होईल तो मात्र शाळांकडून, आणि तो निनावी पाहणीला होईल. आमच्या शाळेत असलं काही नाही, हे वाक्य मी मुख्याध्यापकांकडून ऐकलंय, पालकसभेत ऐकलंय, महागड्या शाळेत ऐकलंय आणि नगरपालिकेच्या शाळेतही. त्यांची भीती समजण्यासारखी आहे: आकडा बाहेर आला की वर्तमानपत्रात शाळेचं नाव, प्रवेश घटणार, संस्थाचालक जाब विचारणार. म्हणून आकडा वर्तमानपत्राला द्यायचाच नाही. शाळेचा आकडा शाळेला, त्या शाळेच्या पालकांना आणि प्रभागाच्या आघाडीला. बाहेर जाईल तो फक्त तालुक्याचा एकत्रित. कागदावर मुलाचं नाव नाही, हजेरी क्रमांक नाही, आणि तो भरून घेताना वर्गशिक्षक वर्गाबाहेर. आठवी, नववी, दहावीच्या मुलांना विचारायचं, पहिल्यांदा काय घेतलं, कोणत्या वयात, कुणी दिलं आणि कुठे. शिक्षण खात्याने पुढच्या जूनपासून प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तालुक्यात एवढं सुरू करावं. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आली की पोलिसांनी कुठे जायचं, दुकानदाराशी कुणी बोलायचं आणि घरातल्या बापांशी आधी काय बोलावं लागेल, हे पालकसभेत ठरवता येईल.